एपीआयमधून शेअरचा तपशील: आयसिन की टोकन, या वादाची पार्श्वभूमी

वडोदऱ्यात रावपुरा-दांडिया बाजार पट्ट्यात ग्राहकांचे पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्या छोट्या कचेऱ्यांनाही आता ट्रेडिंग प्लॅटफॉर्मच्या एपीआयची, म्हणजे आपल्या प्रोग्रॅमने थेट माहिती मागवण्याच्या सोयीची, गरज भासते. भाव सहज मिळतो. गाडं अडतं ते आपल्याला हवा तो शेअर कोणत्या क्रमांकाने मागायचा, इथे. एकाच शेअरच्या तीन-चार ओळखी आहेत आणि त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजेपोटी तयार झाल्या. त्यांपैकी डिमॅटचा आयसिन वापरायचा की बाजाराचं टोकन, हा वाद.

कागदी काळात सर्टिफिकेटवर फोलिओ क्रमांक आणि शेअरचे अनुक्रमांक असत. सही जुळली नाही की सर्टिफिकेट परत येई. सयाजीगंजातल्या आपल्या शेअरबाजारानेही तो काळ पाहिला. २०१५मध्ये तो रीतसर बंद झाला. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर अनुक्रमांकांची गरज संपली. डिमॅटमध्ये, म्हणजे कागदाऐवजी संगणकावर ठेवलेल्या खात्यात, एका कंपनीचा एका प्रकारचा कुठलाही शेअर सारखाच, म्हणून त्या प्रकाराला एक संकेतांक पुरला. तोच आयसिन.

एका मोठ्या खासगी बँकेचा आयसिन पाहा: आयएनई०४०ए०१०३४. सुरुवातीला देश आणि कंपनी ही वर्गवारी, मग ०४०ए ही त्या बँकेची ओळख, ०१ म्हणजे इक्विटी, ०३ हा अनुक्रम आणि शेवटचा ४ हा आधीच्या चिन्हांवरून गणिताने निघणारा पडताळणीचा अंक. २०१९मध्ये बँकेने स्प्लिट केला, म्हणजे २ रुपये दर्शनी (छापील) किमतीचा शेअर १ रुपयाचा केला. त्याआधी हाच आयसिन ०२६ने संपत होता. दर्शनी किंमत बदलली की आयसिन बदलतो. १९९९पर्यंत ही किंमत १० किंवा १०० रुपयेच असायची, त्यामुळे त्रास जाणवत नव्हता. बंधन सुटलं आणि स्प्लिटची रीघ लागली.

बाजारांची रीत निराळी. १९९४मध्ये मुंबईत नव्या राष्ट्रीय शेअरबाजारात (एनएसई) पडद्यावरचे व्यवहार सुरू झाले. ऑर्डरचा संदेश आटोपशीर हवा, म्हणून शेअरचं छोटं नाव (चिन्ह) आणि त्याचा व्यवहारगट (सिरीज) अशा प्रत्येक जोडीला एक क्रमांक, तेच टोकन. मुंबईच्या जुन्या बाजाराचा (बीएसई) सहा अंकी कोड वेगळाच. दलाल ज्याला स्क्रिप मास्टर म्हणतात, त्या रोजच्या फाइलीत ही यादी येते. २०००मध्ये इंटरनेटवरून व्यवहारांना परवानगी मिळाली आणि पुढे २०१५च्या सुमारास सामान्य ग्राहकासाठी एपीआय खुले होऊ लागले. ज्यावरून वाद आहे तो निर्णय तेव्हाचा: शेअर शोधायची किल्ली, म्हणजे ओळखक्रमांक, कोणता ठेवायचा?

एका प्लॅटफॉर्मने टोकन धरलं, पण थोडं बदलून. वरच्या बँकेचं बाजारातलं टोकन १३३३. त्याला २५६ने गुणून १ मिळवला की प्लॅटफॉर्मचा आकडा ३४१२४९. तो १ म्हणजे त्या बाजाराचा रोख विभाग. एका आकड्यात बाजार आणि शेअर दोन्ही मावतात, प्रोग्रॅमला ते सोयीचं आहे. मात्र या प्लॅटफॉर्मच्या रोजच्या सीएसव्ही यादीत (साध्या तक्त्याच्या फाइलीत) आयसिनचा रकानाच नाही. तो दिसतो होल्डिंग (खात्यातले शेअर) विचारल्यावर येणाऱ्या उत्तरात, म्हणजे शेअर आधीच तुमच्या खात्यात असेल तर. दुसऱ्या एका प्लॅटफॉर्मने विभागाचं नाव आणि आयसिन जोडून किल्ली केली.

टोकनच्या बाजूने बोलणारे म्हणतात, स्प्लिट झाला की आयसिनची किल्ली तुटते. खरं आहे. फ्युचर्स-ऑप्शन्स या ठरावीक मुदतीच्या काँट्रॅक्टांसाठी त्या दुसऱ्या प्लॅटफॉर्मलाही टोकनच वापरावं लागतं, हेही खरं. पण टोकन तरी कुठे कायमचं? शेअर नेहमीच्या ईक्यू सिरीजमधून सक्तीच्या डिलिव्हरीच्या बीई सिरीजमध्ये गेला की चिन्हामागे शेपूट लागतं आणि टोकन दुसरं येतं. मुदत संपलेल्या काँट्रॅक्टचं टोकन बाजार नव्या काँट्रॅक्टला देऊ शकतो, म्हणजे जुन्या नोंदीवर भलत्याच वस्तूचा भाव चिकटण्याचा धोका. आयसिन बदलला तरी निदान जुना कोणत्या कंपनीचा होता हे कळतं, कारण ०४०ए तसाच राहतो. आणि डिमॅटचं विवरण येतं ते आयसिननेच. वीस वर्षं शेअर जपणाऱ्या घरांच्या हिशेबासाठी यादीत तो रकाना हवाच. न देण्यामागचं एकही पटणारं कारण मला दिसत नाही.

अलीकडे तपशिलातल्या बाकीच्या रकान्यांनाही महत्त्व आलं. जून २०२४पासून २५० रुपयांखालच्या शेअरांना एक पैशाचा टिक, म्हणजे भावातला सर्वांत लहान टप्पा, लागू झाला. प्रोग्रॅममध्ये पाच पैसे कायमचे लिहून ठेवलेल्यांना टिकचा रकाना वाचणं भाग पडलं. त्याच वर्षाअखेरीच्या बदलांत निफ्टीच्या काँट्रॅक्टचा लॉट, म्हणजे एका सौद्यातला किमान संच, २५वरून ७५ झाला.

फेब्रुवारी २०२५मध्ये बाजार नियामक सेबीने किरकोळ ग्राहकांच्या अल्गो, म्हणजे प्रोग्रॅमने आपोआप होणाऱ्या, व्यवहारांसाठी चौकट आणली. एपीआयने ऑर्डर टाकायची तर स्थिर आयपी पत्ता (न बदलणारा इंटरनेट पत्ता) नोंदवायचा, आणि बाजाराने ठरवलेल्या वेगाच्या वर जाणाऱ्या अल्गोची नोंदणी करायची. या चौकटीचा भर ऑर्डरवर आहे. फक्त तपशील वाचणाऱ्या कचेरीला जुन्या-नव्या आयसिनच्या जोड्यांची वही अजून स्वतःच ठेवावी लागते, आणि सकाळची यादी उतरवताना कालच्या यादीशी ताडून पाहावी लागते.