पार्श्वभूमी : विंटू म्हणजे नेमके कोण?

‘विंटू’ हे मूळचे एखाद्या जमातीचे नाव नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या मूळ रहिवाशांच्या ज्या भाषेतून तो आला, त्या भाषेत या शब्दाचा अर्थ ‘माणूस’ किंवा ‘माणसे’ असा होतो. शास्ता पर्वताच्या दक्षिणेला, कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात, सॅक्रॅमेंटो, मॅक्लाउड आणि ट्रिनिटी या नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत आणि पिट नदीच्या खालच्या भागात जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, ती स्वतःची ओळख सांगताना नदीचे किंवा जमिनीचे नाव सांगत. ‘मेम’ म्हणजे पाणी आणि ‘पोम’ म्हणजे भूमी. म्हणून मॅक्लाउडच्या काठचे लोक विन्नेमेम, म्हणजे मधल्या पाण्याचे लोक, तर सॅक्रॅमेंटोच्या वरच्या अंगाचे लोक नोमटिपोम, कारण ‘नोम’ म्हणजे पश्चिम. अभ्यासक अशा नऊ विभागांची यादी देतात. सगळ्यांचा मिळून एकच प्रमुख किंवा एकच सभा असल्याची नोंद नाही. आपल्याकडचा ‘जमात’ हा शब्दसुद्धा इथे नाइलाजानेच वापरावा लागतो.

या नावाचा गुंता बाहेरच्यांनी केला आणि तो अजून सुटलेला नाही. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील जमातींच्या एका वर्णनात उत्तरेकडच्या लोकांना ‘विंटून’ आणि दक्षिणेकडच्यांना ‘पॅटविन’ म्हटले होते. (‘पॅटविन’चा अर्थही ‘माणसे’ असाच आहे, म्हणजे दोन्ही गटांना विचारल्यावर त्यांनी आपण माणसे आहोत एवढेच सांगितले होते.) विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात एका ख्यातनाम मानववंशशास्त्रज्ञाने या सर्वांना ‘विंटून’ या एकाच शीर्षकाखाली आणून त्यांचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे भाग पाडले, आणि संपर्कपूर्व काळातील तिघांची मिळून लोकसंख्या सुमारे १२,००० धरली. पुढच्या संशोधकांनी उत्तरेकडच्यांना विंटू, मधल्यांना नोमलाकी आणि दक्षिणेकडच्यांना पॅटविन म्हणण्याचा प्रघात पाडला, तो आज रूढ आहे. या तिन्ही भाषा एकाच कुळातल्या असल्या तरी वेगळ्या आहेत. जुनी कागदपत्रे वाचताना मात्र ‘विंटून’ म्हणजे यांपैकी कोण, हे दर वेळी संदर्भावरून ठरवावे लागते आणि सरकारी दप्तरात तर तेही नेहमी शक्य होत नाही.

प्रत्यक्ष जगण्याचे एकक गाव हे होते. वीस-पंचवीसांपासून दीडशेपर्यंत माणसे असलेल्या गावाला एक प्रमुख असे, आणि मुलगा लायक असेल तर प्रमुखपद बापाकडून त्याच्याकडे जाई. तंटे मिटवणे, सामूहिक शिकार आणि मासेमारी ठरवणे, मिळालेला वाटा सर्वांत नीट वाटला जातो की नाही हे पाहणे, ही त्याची कामे होती. हुकूम सोडण्याचा अधिकार त्या मानाने थोडा होता. ओकची फळे सोलून, कुटून, त्या पिठातला कडवटपणा आणि तुरटपणा जाईपर्यंत त्यावर पुन्हा पुन्हा पाणी सोडून त्याची पेज किंवा भाकरी करीत. दुसरा आधार सॅमन माशांचा होता. रात्री मशाली पेटवून नदीत मासे हाकलण्याच्या मोहिमेत अनेक गावे एकत्र येत, आणि वाळवून कुटलेल्या सॅमनचे पीठ शिंपल्यांच्या मण्यांच्या बदल्यात दूरवर जाई. हे मणी नाण्यांसारखे चालत.

भाषेबद्दल एक गोष्ट नोंदवल्यावाचून राहवत नाही. विंटू बोलणाऱ्याला क्रियापदाच्या प्रत्ययातूनच सांगावे लागे की ही गोष्ट आपण डोळ्यांनी पाहिली, दुसऱ्या इंद्रियाने जाणली, खुणांवरून ताडली की कोणाकडून ऐकली. या लोकांविषयी पुढे जे सरकारी कागद तयार झाले, त्यांतल्या विधानांना असे प्रत्यय लावायचे झाले असते तर बहुतेकांना ऐकीव माहितीचाच लागला असता.

१८३० ते १८३३ या काळात फर-व्यापाऱ्यांबरोबर आलेल्या हिवतापाच्या साथीने सॅक्रॅमेंटो खोऱ्यातली गावेच्या गावे ओस पडली. १८४६ मध्ये एका अमेरिकी लष्करी मोहिमेने नदीकाठी मोठी कत्तल केली. सोन्याच्या शोधात लोंढे आल्यावर ऑगस्ट १८५१ मध्ये कॉटनवुड येथे एक तह झाला. राज्यभर झालेल्या अशा अठराही तहांना सिनेटने १८५२ साली बंद दाराआड नकार दिला, आणि ते कागद १९०५ पर्यंत गुप्त राहिले. ज्यांनी तहावर अंगठे उठवले होते त्यांना ठरलेली जमीन मिळाली नाही. जमीन मात्र गेलीच. १८५२ च्याच एप्रिलमध्ये हेफोर्कजवळ एका गोऱ्या माणसाच्या खुनाचा बदला म्हणून सुमारे दीडशे माणसे मारली गेली, आणि मारली गेलेली माणसे त्या खुनाशी संबंध नसलेल्या गटाची होती असे सांगितले जाते. नदीवरून ओळख सांगणाऱ्यांना एकच रंग फासण्याचे हे फळ होते.

सर्वाधिक वाद शास्ता धरणासाठी आदिवासींच्या जमिनी घेणाऱ्या १९४१ च्या कायद्याभोवती आहे. मॅक्लाउडच्या काठी १८७२ पासून सरकारी मत्स्यबीज केंद्र होते. तेथील सॅमनची अंडी दूरदूर पाठवली जात असली तरी विन्नेमेम लोक नदीकाठीच राहत होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यातील काही कुटुंबांना वैयक्तिक नावाने जमिनी नोंदवून मिळाल्या होत्या. १९३८ मध्ये शास्ता धरणाचे काम सुरू झाले, १९४५ मध्ये ६०२ फूट उंचीचे धरण पूर्ण झाले आणि खोऱ्यातली गावे, प्रार्थनास्थळे व स्मशाने बुडीत क्षेत्रात गेली. कायद्याने बुडणाऱ्या जमिनींवरील आदिवासींचे सर्व हक्क सरकारकडे घेतले, भरपाईची रक्कम ठरवण्याचे काम एका मंत्र्याकडे सोपवले, आणि हलवलेल्या थडग्यांची जागा संबंधित ‘जमात किंवा कुटुंब’ यांच्यासाठी विश्वस्त म्हणून धरली जाईल असे म्हटले. धरणग्रस्त म्हणतात की पर्यायी जमीन कधीच मिळाली नाही. त्यांचा दुसरा मुद्दा अधिक टोकदार आहे: ज्या कायद्याने आमच्या पूर्वजांची हाडे हलवताना ‘जमात’ हा शब्द वापरला, तो कायदा असताना आम्ही जमातच नाही असे म्हणता येते का?

कारण तसे म्हटले गेले आहे. १९७८ पासून केंद्र सरकार मान्यताप्राप्त जमातींची यादी ठरावीक निकषांवर करू लागले, आणि विन्नेमेम त्या यादीत नाहीत. रेडिंग शहराजवळच्या एका लहान वसाहतीची मान्यता १९५८ च्या कायद्यान्वये रद्द झाली होती आणि १९८३ च्या न्यायालयीन तडजोडीने ती परत मिळाली. त्या वसाहतीत विंटूंबरोबर याना आणि पिट नदीचे लोकही आहेत. एक मिश्र वसाहत मान्य आणि एकाच नदीचे लोक अमान्य, हे निकषांच्या भाषेत समजावता येते, पण इतिहासाच्या भाषेत ते पटणे अवघड आहे. राज्याच्या विधिमंडळाने २००८ मध्ये मान्यता परत देण्याची विनंती करणारा ठराव केला. केंद्राची भूमिका बदलली नाही. मान्यता नसल्याने नदीवर विधी करतानाही तो भाग बोटींसाठी बंद ठेवण्याची विनंती करावी लागते.

२००४ मध्ये विन्नेमेम लोकांनी निषेध म्हणून धरणावर युद्धनृत्य केले. २०१० मध्ये हे लोक न्यूझीलंडला गेले, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी सॅक्रॅमेंटो खोऱ्यातून गेलेल्या अंड्यांपासून वाढलेले सॅमन तिथल्या नद्यांत आहेत. धरणामुळे मॅक्लाउडमध्ये सॅमन येऊ शकत नाही. २०२२ मध्ये सरकारी यंत्रणांच्या सहकार्याने त्या नदीत पुन्हा अंडी सोडण्यात आली. मात्र धरणाची उंची साडेअठरा फुटांनी वाढवण्याचा प्रस्ताव तसाच उभा आहे. वयात येणाऱ्या मुलींचा विधी ज्या शिळेपाशी होतो ती शिळा जलाशय भरला की पाण्याखाली जाते आणि पातळी खाली गेली की वर येते. उंची वाढल्यास ती अधिक काळ बुडालेली राहील.