रिपोर्टातली ‘आर’ची रांग आणि फिरती जनुकं

पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत आयसीयूतल्या रुग्णाचा कल्चर-सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट, म्हणजे त्याच्यातल्या जिवाणूंवर कोणतं औषध चालेल हे सांगणारा अहवाल, हाती आला की नातेवाइकांची नजर एकाच अक्षरावर खिळते : ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, त्या औषधाला दाद न देणारा. औषधांच्या नावांपुढे ते सलग आठ-दहा ओळी दिसलं की ते विचारतात, “यातली निम्मी औषधं आम्ही कधी घेतलीच नाहीत, मग हे कसं?” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला जपानमध्ये जावं लागतं.

महायुद्धानंतर तिथे जिवाणूजन्य हगवणीवर सल्फा औषधं सर्रास दिली जात. पुढे स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉलची भर पडली. १९५०च्या दशकात या चारही औषधांना दाद न देणारे शिगेला, म्हणजे हगवण घडवणारे जिवाणू सापडू लागले. चार वेगवेगळी उत्परिवर्तनं एकाच जिवाणूत योगायोगानं जुळून येणं जवळपास अशक्य. १९५९मध्ये अकिबा आणि ओचिआई यांच्या कामातून उलगडा झाला : हा प्रतिकार ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू आणि शिगेला यांच्यात एकगठ्ठा हस्तांतरित होतो. म्हणूनच कधीच न घेतलेल्या औषधापुढेही ‘आर’ दिसू शकतो. नेणारा होता प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचं डीएनएचं छोटं कडं. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ लेडरबर्ग यांनी १९५२मध्येच त्याला हे नाव दिलं होतं. तरी जपानी संशोधक वातानाबे यांनी १९६३मध्ये इंग्रजीत सविस्तर आढावा लिहीपर्यंत पाश्चात्त्य जगाला याचं गांभीर्य फारसं उमगलं नव्हतं.

इकडे भारतात १९५४मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि देशातच पेनिसिलिन बनू लागलं. त्यानं किती जीव वाचले असतील! या कारखान्याचा अभिमान वाटतो तो उगाच नाही. पण पेनिसिलिन तोडणारं विकर (एन्झाइम) अब्राहम आणि चेन यांनी ई. कोलायमध्ये १९४०मध्येच नोंदवलं होतं, म्हणजे औषध सर्वसामान्यांपर्यंत पोचण्याआधीच.

प्लाझ्मिड ही जर एसटी असेल, तर तिच्यात चढउतार करणारे प्रवासी म्हणजे ट्रान्सपोझॉन. जागा बदलणारी जनुकं असतात हे बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांनी मक्याच्या दाण्यांवरून आधीच सांगितलं होतं. त्यांना नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. जिवाणूंमध्ये प्रतिकाराचं जनुक एका प्लाझ्मिडवरून दुसऱ्यावर उडी मारतं, हे हेजेस आणि जेकब यांनी १९७४मध्ये दाखवलं आणि ‘ट्रान्सपोझॉन’ हा शब्द दिला. अनेक जनुकं एका ओळीत गोळा करणारे इंटेग्रॉन १९८९मध्ये ओळखले गेले.

पुणे विद्यापीठाचा यातला वाटा कमी सांगितला जातो, म्हणून इथे मुद्दाम. बाळू चोपडे यांच्या प्रयोगशाळेनं अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाउमानी या रुग्णालयांत संसर्ग घडवणाऱ्या जिवाणूचा अभ्यास केला. १९९४मध्ये, या जिवाणूचं नाव आजच्याइतकं गाजत नव्हतं तेव्हा, त्याचा चांदीला असलेला प्रतिकार प्लाझ्मिडवर असल्याचं त्यांनी प्रसिद्ध केलं. भाजलेल्या जखमांवर चांदीयुक्त मलम लावतात, हे लक्षात घेतलं की या कामाचं मोल कळतं.

पुढचा टप्पा सर्वांना आठवत असेल. २००८मध्ये स्वीडनमधल्या, नवी दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या एका रुग्णात कार्बापेनेम ही अखेरचा उपाय म्हणून राखलेली प्रतिजैविकं तोडणारं विकर सापडलं. त्याचं नाव पडलं एनडीएम-१, म्हणजे न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज-१. नावातल्या दिल्लीवरून मोठा वाद झाला. माझ्या मते त्या गदारोळात महत्त्वाचा मुद्दा मागे पडला : हे विकर बनवणारं जनुक प्लाझ्मिडवर होतं. पुढच्या अभ्यासांत त्याची जडणघडण तपासली, तेव्हा त्याची सुरुवातीची काही अक्षरं दुसऱ्याच एका, अ‍ॅमिकासिन हे प्रतिजैविक निष्प्रभ करणाऱ्या जनुकाची निघाली. हा सांधा बहुधा अ‍ॅसिनेटोबॅक्टरमध्येच जुळला असावा.