औषध यकृताला सोसेल का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

१९३७पर्यंत अमेरिकेत नवे औषध बाजारात आणताना ते विषारी नाही हे दाखवण्याची सक्ती कंपनीवर नव्हती. त्या वर्षी टेनेसीतल्या मॅसेंगिल कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध पातळ स्वरूपात आणले. पाण्यात ते नीट विरघळत नाही, म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल या रसायनात विरघळवले आणि रास्पबेरीची चव दिली. शंभरावर माणसे दगावली, त्यात बरीच लहान मुले. मूत्रपिंडे निकामी होत, लघवी बंद होई आणि काही दिवसांत सारे संपे. ते द्रावण एखाद्या उंदराला पाजूनसुद्धा पाहिलेले नव्हते. सरकारला कंपनीवर ठपका ठेवता आला तो फक्त चुकीच्या लेबलाचा. १९३८मध्ये कायदा बदलला आणि विक्रीआधी सुरक्षिततेचा पुरावा मागितला जाऊ लागला.

याच रसायनाने १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्णांचा जीव घेतला. रुग्णांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये त्याची भेसळ होती. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या प्रकरणाची चिरफाड केली. २०२२मध्ये आफ्रिकेतल्या गांबियात आणि २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून मुले गेली. छिंदवाड्याच्या बऱ्याच मुलांवर उपचार नागपुरात चालले होते. पण या तिन्ही घटना अंदाज चुकल्याच्या नव्हेत. हे रसायन मूत्रपिंडे मारते हे १९३७पासून पाठ आहे. इथे चाचणीच नीट झाली नाही. विषशास्त्राचा खरा पेच वेगळा आहे: चाचण्या नीट झाल्या, अहवाल स्वच्छ आला, आणि तरी माणसाचा अवयव गेला, तर काय?

सुरुवातीची हत्यारे ढोबळ होती. १९२७मध्ये ब्रिटनच्या ट्रेव्हन यांनी निम्मे प्राणी मरतील ती मात्रा काढण्याची पद्धत मांडली, ती डिजिटालिस, इन्सुलिन यांसारख्या औषधांची ताकद मोजून प्रमाणित करण्यासाठी. पुढे कित्येक दशके तोच आकडा विषारीपणाची ओळख होऊन बसला. किती प्राणी मेले ते त्यातून कळते. यकृताने मेले की हृदयाने, हे कळत नाही. पुढे औषधे आठवडे-महिने देऊन, मग प्रत्येक अवयवाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची रीत रुळली. एक कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी, बहुधा उंदीर, आणि एक कृंतक नसलेला प्राणी, बहुधा कुत्रा, ही जोडीही ठरून गेली.

गरोदर स्त्रियांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाची कथा वाचकांना ठाऊक असते: १९५७मध्ये पश्चिम जर्मनीत विक्री, १९६१मध्ये माघार, दहा हजारांवर व्यंग असलेली मुले. उंदरांच्या पिलांवर तसा परिणाम दिसत नाही, सशांच्या पिलांवर दिसतो, हे नंतर कळले. अमेरिकेत ते औषध अडवून धरणाऱ्या फ्रान्सिस केल्सी विद्यार्थिदशेत शिकागोच्या ज्या प्रयोगशाळेत होत्या, तिथेच १९३७च्या त्या द्रावणाचा छडा लागला होता. माणसाचा संशय असा कुठेतरी घडवला जातो, असे मला वाटते.

यकृत मात्र सर्वांत फसवे निघाले. औषध पचवून त्याचे रूप बदलायचे हे त्याचे कामच, आणि त्यातच धोका असतो. पॅरासिटामॉल स्वतः फारसे घातक नाही; यकृतातली विकरे (एन्झाइम) त्याच्या थोड्या भागाचा एक जहाल रेणू बनवतात. ग्लुटाथायोन हे पेशींतले संरक्षक द्रव्य त्याला निकामी करत राहते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोन संपते आणि तो रेणू पेशींच्या प्रथिनांना चिकटतो. हे १९७३च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत उलगडले, आणि त्यावरूनच एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा सुचला. विष कसे बनते हे कळले की अंदाज बांधता येतो, याचे इतके चांगले उदाहरण पुन्हा क्वचितच मिळाले.

त्याच संस्थेत १९९३मध्ये उलटे घडले. 'ब' प्रकारच्या काविळीवर फियालुरिडीन हे औषध १५ रुग्णांना द्यायला सुरुवात झाली. उंदीर, कुत्रे, माकडे यांच्यावरच्या चाचण्यांत यकृताची तक्रार नव्हती. आधीच्या छोट्या चाचण्यांत विषाणू झपाट्याने घटला होता. मध्येच रक्तात यकृताची विकरे वाढली तर ती शरीर विषाणूशी झुंजत असल्याची खूण मानण्याचा प्रघात होता. जूनमध्ये एक रुग्ण यकृत निकामी होऊन आणि रक्तात लॅक्टिक आम्ल साचून दाखल झाला. औषध तत्काळ सर्वांचे थांबवले. पण एकामागून एक रुग्ण खालावत गेले, कारण बिघाड औषधाबरोबर थांबणारा नव्हता. सात जणांचे यकृत गेले. पाच दगावले, दोघे यकृत-प्रत्यारोपणाने वाचले.

कारण हाती यायला वर्षे लागली. फियालुरिडीन पेशींच्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, शिरून त्यांच्या डीएनएची नक्कल बिघडवते. त्याला आत नेणारे वाहक प्रथिन माणसाच्या तंतुकणिकांवर असते, उंदराच्या नसते. २०१४मध्ये ज्या उंदरांच्या यकृतात मानवी पेशी रुजवल्या होत्या, त्यांना हेच औषध दिले, तेव्हा यकृताची इजा लगेच दिसली. म्हणजे प्राणी निवडण्यात निष्काळजीपणा झाला नव्हता. जे बघायचे ते त्या प्राण्यांत नव्हतेच.

हा अपवाद होता का? २०००मध्ये १२ औषध कंपन्यांनी माणसांत त्रास दिलेल्या १५० औषधांचे जुने दफ्तर उघडले. कृंतक आणि कृंतकेतर प्राणी मिळून ७१ टक्के त्रासांची पूर्वसूचना मिळाली होती; फक्त कृंतक धरले तर ४३ टक्के. ग्लास अर्धा भरला की रिकामा यावर तेव्हापासून वाद चालू आहे. त्याच वर्षी मधुमेहावरचे ट्रोग्लिटाझोन यकृताच्या इजेमुळे अमेरिकेच्या बाजारातून गेले.

डॉक्टरांकडे तोवर हायमन झिमरमन यांचा एक ठोकताळा होता: औषधाने रक्तातले एसजीपीटी हे यकृताचे विकर नेहमीच्या मर्यादेच्या तिपटीच्या वर, काविळीत वाढणारे बिलिरुबिन दुपटीच्या वर, पित्तनलिकेत अडथळा नाही, तर दहात एक तरी रुग्ण दगावण्याची भीती. हा नियम आजही औषध-नियामक वापरतात. पण तो इजा झाल्यानंतर बोलतो.

२०१०मध्ये हार्वर्डच्या 'वीस' (Wyss) नावाच्या संस्थेत हू आणि इंगबर यांनी काडेपेटीहून लहान चिपवर मानवी पेशींचे, श्वास घेणारे फुप्फुस उभे केले. यकृताचीही चिप आली. २०२२मध्ये २७ औषधांवर यकृत-चिपने ८७ टक्के घातक औषधे पकडली आणि निर्धोक औषधांवर खोटा आळ घेतला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेने प्राणीचाचणीची कायदेशीर सक्ती काढली, भारतानेही २०२३मध्ये नियमांत अशा पद्धतींना जागा दिली.

मात्र चिपमधल्या पेशी मोजक्या दात्यांच्या असतात. भारतात औषधांनी यकृत बिघडण्याचे पहिले कारण क्षयाची औषधे आहे. त्यातले आयसोनियाझिड शरीर किती वेगाने हाताळते हे एका जनुकावर ठरते, आणि संथ गतीचे लोक आपल्याकडे मोठ्या संख्येने आहेत. अशा दात्यांच्या पेशी चिपमध्ये घ्याव्या लागतील. सध्या बहुतेक पेशी अमेरिका-युरोपातल्या दात्यांकडून येतात.