कुलूपबंद घरातील वीजबचत (नागपूर)

गावाला किंवा प्रवासाला जाताना बंद घरातला विजेचा वापर थांबवणे किंवा कमीत कमी करणे. नागपुरात हा विषय मुख्यतः मे महिन्याचा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. त्यामुळे आजोळी, पचमढीला किंवा चिखलदऱ्याला गेलेल्यांची घरे पंधरा दिवस ते महिनाभर कुलूपबंद राहतात, तीही पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या दिवसांत.

कूलर बंद झाला की निम्म्याहून अधिक प्रश्न मिटला, असा समज असतो. चालू घरापुरते ते बरोबर आहे: २०० वॅटचा कूलर बारा तास चालला तर दिवसाला २.४ युनिट जातात. बंद घरात मात्र पहिला मान फ्रीजचा. लेबलवर वर्षाला २२० युनिट लिहिलेला फ्रीज पंधरा दिवसांत सुमारे ९ युनिट घेईल. खिडक्या लावलेल्या, तापलेल्या स्वयंपाकघरात कॉम्प्रेसर जास्त वेळ चालत असल्याने त्याहूनही जास्त. रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्सही पूर्ण बंद नसतो. तो १० वॅट घेत असेल, तर पंधरा दिवसांत ३.६ युनिट होतात. वायफायचा राऊटर त्याच जातीचा. ही बटणे भिंतीवरूनच बंद करावी लागतात.

आठवड्याहून जास्त दिवस जायचे असेल, तर फ्रीज रिकामा करून बंद ठेवणे उत्तम. उरलेले दूध, कोथिंबीर, मिरच्या शेजारी जातात. बर्फ वितळू द्यावा, आतून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडे करावे आणि दार फटीएवढे उघडे ठेवावे. घट्ट लावलेल्या बंद फ्रीजमध्ये बुरशी धरते, आणि तो वास महिनाभर पाठ सोडत नाही. दोन-तीन दिवसांच्या सहलीसाठी एवढा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

थेट मेन स्विच पाडून निघणे सोपे वाटते, पण इन्व्हर्टर असलेल्या घरात तेच महागात पडते. मेन पडला की इन्व्हर्टरच्या लेखी लाईन गेलेली असते. तो बॅटरीवरून पुरवठा सुरू करतो, आणि विसरलेला एखादा दिवाही बॅटरी संपवून टाकतो. लेड-ॲसिड बॅटरी आठवडेच्या आठवडे रिकामी पडून राहिली, तर प्लेटांवर सल्फेट जमून तिचे आयुष्य घटते. वाचलेल्या युनिटांपेक्षा नवी बॅटरी कितीतरी महाग. म्हणून बॅटरी पूर्ण चार्ज करावी, डिस्टिल्ड वॉटरची पातळी पाहावी, आधी इन्व्हर्टर बंद करावा आणि मगच मेन. छतावर सोलर असल्यास मेन पाडण्यापूर्वी जोडणी करणाऱ्याला विचारावे: ग्रिडची वीज मिळेनाशी झाली, की ग्रिडला जोडलेला सोलर इन्व्हर्टर सुरक्षेसाठी स्वतः बंद होतो. मग रिकाम्या घराच्या छतावरचे मे महिन्याचे ऊन फुकट जाते आणि ग्रिडला जाऊन बिलात वजा होणारी युनिटेही बुडतात.

कूलरच्या टाकीचा संबंध विजेपेक्षा डासांशी जास्त. टाकीत उरलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. त्याची अंडी कोरड्या टाकीच्या कडेलाही महिनोन्‌महिने तग धरतात. त्यामुळे पाणी ओतून देणे पुरत नाही, टाकी घासावी लागते. वाळ्याच्या ताट्या उन्हात वाळवून ठेवाव्यात.

एवढे करूनही बिल शून्य येत नाही, कारण वापर नसला तरी स्थिर आकार लागतोच. महावितरणचे घरगुती दर ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर अशा टप्प्यांत असतात. शंभरी ओलांडली की सगळीच युनिटे वरच्या दराने लागतात, हा समज चुकीचा आहे. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. म्हणजे वाचलेले युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातले असते. मीटर कुलपाआड असेल, तर रीडिंग न मिळाल्याने सरासरीचे बिल येते, आणि सारी बचत त्या महिन्यापुरती कागदावर दिसतच नाही. प्रत्यक्ष रीडिंग मिळाल्यावर फरक पुढे जुळवला जातो. निघताना मीटरचा फोटो काढून ठेवला, तर परत आल्यावर बिलाशी ताडून पाहता येते.