माती परीक्षण: एक शेतीचं, एक बांधकामाचं

एकाच जागेचे माती परीक्षणाचे दोन अहवाल शेजारी ठेवले, तर ते एकाच जमिनीचे आहेत हे सांगूनही पटत नाही. एकात सामू (pH), सेंद्रिय कर्ब, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश). दुसऱ्यात घनता, भार पेलण्याची क्षमता, ओलं झाल्यावर फुगण्याचं प्रमाण. दोन्ही बरोबरच असतात. 'माती' या शब्दाचा अर्थ मात्र दोघांनी वेगळा धरलेला असतो.

शेतीच्या लेखी माती म्हणजे जमिनीचा वरचा, जिवंत थर. झिजलेल्या खडकाचे कण, कुजलेला पालापाचोळा, मुळं, गांडुळं, बुरशी आणि या सगळ्यांमधली पोकळी. या पोकळीकडे आपलं फार दुर्लक्ष होतं असं मला वाटतं. चांगल्या मातीचा जवळपास निम्मा भाग पोकळीच असतो. तिच्यात पाणीही हवं आणि हवाही. पाण्यानं सगळीच जागा अडवली की मुळं गुदमरतात, जास्तीचं पाणी निथळलं की वाफसा येतो. अशी माती हवामान, जीवसृष्टी, उतार, मूळ खडक आणि काळ मिळून घडवतात. रशियातले भूवैज्ञानिक वासिली दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये तिथल्या काळ्या मातीच्या अभ्यासातून ही दृष्टी दिली.

बांधकाम अभियंता पक्क्या खडकावर जे सुटं, खोदता येण्याजोगं आहे त्या सगळ्यालाच माती म्हणतो: वाळू, गाळ, मुरूम, चिकणमाती. वीस मीटर खोलवर, मुळं पोचत नाहीत तिथली चिकणमातीही त्याच्या हिशेबात मातीच. आणि पोकळी त्याला नकोच असते. म्हणून भराव थराथरानं, नेमक्या ओलाव्यावर रोलरनं दाबतात. सेंद्रिय अंश तर त्याहून नकोसा, कारण तो कुजला की जमीन खचते. शेतकरी ज्या थराला जपतो, नेमका तोच पायाखालून आधी खरवडून काढला जातो.

कण बारीक होत जाताना वाळू कुठे संपते यावरही एकमत नाही! अमेरिकी कृषी वर्गीकरणात ०.०५ मिलिमीटरला, तर बांधकामात सहसा ०.०७५ मिलिमीटरच्या चाळणीला.

घरालगत बाग करायची असेल तर हा फरक फार महत्त्वाचा. बांधकामाच्या अहवालात उत्तम ठरलेली, दाबून घट्ट केलेली जमीन झाडाला जवळपास बंद दारासारखी असते. खरवडलेला वरचा थर वेगळा ठेवायला सांगा, ढीग उंच रचू देऊ नका. तळाशी हवा पोचत नाही. काम संपल्यावर खालची जमीन आधी मोकळी करा, मग तो थर पसरा. शेतीच्या परीक्षणासाठी नमुना त्यातूनच, वरच्या १५ ते २० सेंटिमीटरमधून घ्या.