मादचं सिनेगॉग आणि टोकायची वाइन

ईशान्य हंगेरीतल्या टोकाय प्रदेशात, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमध्ये माद नावाचं गाव आहे. लोकवस्ती दोन हजारांच्या आसपास. एवढ्याशा गावात १७९५ साली बांधलेलं एक देखणं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं आहे. ते इथं का, हे समजून घ्यायचं तर आधी वाइनकडे वळावं लागतं.

तिसा आणि बोद्रोग नद्यांवरून शरद ऋतूत धुकं चढतं. त्या दमटपणात पिकलेल्या द्राक्षांवर एक बुरशी धरते, मणी वेलीवरच सुकून आकसतात आणि त्यांतली साखर दाट होते. हे मणी एकेक करून हातानं वेचायचे, ताज्या रसात किंवा वाइनमध्ये भिजत घालायचे आणि मग पिळायचे. हीच ती ‘आसू’ वाइन. १७३७ सालच्या राजाज्ञेनं या प्रदेशाच्या सीमा ठरवून दिल्या. वाइनच्या जगात इतक्या लवकर असं फार थोड्या ठिकाणी घडलं.

मोठं गिऱ्हाईक होतं उत्तरेला, पोलंडमध्ये. अठराव्या शतकात ज्यू कुटुंबं या भागात येऊन स्थिरावली, ती मुख्यतः या व्यापाराच्या ओढीनं. त्यामागे धर्माचंही कारण होतं. कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारी, वाइन व्हायची तर द्राक्षं पिळण्यापासून पिंप बंद करण्यापर्यंत सगळं काम शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, पाळणाऱ्या ज्यू माणसांच्याच हातून व्हावं लागतं. पोलंडमधल्या ज्यू घरांत टोकायची वाइन पोचायची, तर त्यांच्या विश्वासातली माणसं सुगीच्या वेळी इथं हजर असायलाच हवी होती. म्हणून टोकायच्या लौकिकात ज्यू व्यापाऱ्यांचा वाटा आनुषंगिक मानणं मला चुकीचं वाटतं. शेजारच्या सत्तांनी पोलंड आपसांत वाटून घेतल्यावर जकातीमुळे हा व्यापार खालावला, पण समाज टिकला.

सिनेगॉग बाहेरून साधं, पांढऱ्या भिंतींचं आणि वळणदार माथ्याचं आहे. आत मधोमध चार जाड खांब, त्यांच्यामध्ये तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचायचा चौथरा आणि वर घुमटाकार छत. शेजारीच रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं, घर आणि येशिवा, म्हणजे धर्मशिक्षणाची शाळा. १८९९ ते १९३२ या काळात इथं मोर्दखाय विंकलर रब्बी होते. ‘लेवुशेई मोर्दखाय’ या त्यांच्या धर्मनिर्णयांच्या ग्रंथामुळे मादचं नाव दूरच्या अभ्यासकांपर्यंत गेलं.

मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. एप्रिलच्या मध्यात, वल्हांडणाचा ज्यू सण संपताच, या भागातल्या ज्यूंची धरपकड सुरू झाली, आणि ती हंगेरियन पोलिसांनी केली, हे विसरता कामा नये. मादच्या लोकांना शातोराल्याउय्हेय शहरातल्या घेटोत, म्हणजे ज्यूंसाठीच्या बंदिस्त वस्तीत, कोंडलं गेलं आणि तिथून आउश्वित्झच्या मृत्यूछावणीत नेलं. मोजकेच परतले, आणि पुढे त्यांनीही गाव सोडलं. साम्यवादी राजवटीत वाइनधंदा सरकारी झाला. सिनेगॉगची पडझड होत राहिली.

सिनेगॉगची डागडुजी २००४ साली पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी तिला युरोपा नोस्त्रा हा वारसा-जतनाचा युरोपीय पुरस्कार मिळाला. त्याआधी, २००२ साली, टोकाय प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला होता. आता येशिवाची इमारतही दुरुस्त झाली आहे. जवळच्या बोद्रोगकेरेस्तूरमध्ये रब्बी शायेले श्टाइनर यांच्या समाधीवर जगभरातून हासिदी या ज्यू भक्तिपंथाचे भाविक येतात. ओलास्लिस्का गाव आणि मादही त्यांच्या वाटेवर असतात.