१५० चा चार्जर म्हणजे १५० चंच कनेक्शन? नाही हो!

ईव्हीचा, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं, "दीडशे किलोवॅटचा फास्ट चार्जर लावायचा तर तेवढंच तगडं कनेक्शन पाहिजे, नाहीतर अख्ख्या एरियाची लाईट जाणार." अर्धवट खरं आहे हे.

सोसायटीची पाण्याची टाकी आठवा, नळाला बारीक धार, पण टाकी भरलेली असली की सकाळी सगळ्यांच्या बादल्या भरतात ना, तसंच चार्जरशेजारी मोठी बॅटरी ठेवतात, ती ग्रिडमधून निवांत भरते आणि गाडी लागली की धो धो सोडते. अमेरिकेत इलेक्ट्रिफाय अमेरिका या चार्जिंग कंपनीने २०१९ मध्येच शंभरपेक्षा जास्त स्टेशनांवर टेस्लाच्या बॅटऱ्या बसवायचं जाहीर केलं होतं, प्रत्येकी साधारण ३५० किलोवॅट-अवरच्या, म्हणजे ३५० युनिटच्या.

हिशोब बघा: कनेक्शन ३० किलोवॅटचं, गाडी २० मिनिटं १५० ने चार्ज झाली म्हणजे ५० युनिट, त्यातले १० ग्रिडचे, ४० बॅटरीचे. ते ४० परत भरायला मात्र ८० मिनिटं, वर थोडा लॉस वेगळाच. म्हणजे तुरळक गाड्या असतील तर मस्त, पण दिवाळीच्या सुट्टीत हायवेवर रांग लागली की टाकी रिकामी आणि चार्जिंगचा स्पीड ३० किलोवॅटवर, तिथे मोठं कनेक्शनच घ्या बाबांनो. आणि बॅटरी वीज "बनवते" असं प्लीज कुणी म्हणू नका 😅